ओढलं तर पोलाद, दाबलं तर?

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने स्कूटरच्या आरशांवर आणि मडगार्डवर काळ्या चौकड्यांचा स्टिकर लावलाय. 'कार्बन फायबर' म्हणे! "काका, पोलादापेक्षा पाचपट मजबूत असतं ते!" स्टिकर प्लास्टिकचा आहे हे त्यालाही ठाऊक आहे, पण पाचपटीचं वाक्य तो अगदी मनापासून बोलला. ते वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. कुठल्या पोलादापेक्षा, आणि मुख्य म्हणजे कशात पाचपट? ओढण्यात.

18 जून 2023 रोजी टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली 'टायटन' पाणबुडी पाच माणसांसह चिरडली गेली. तिचा मधला नळकांडा कार्बन फायबरचा होता, सुमारे 13 सेंटीमीटर जाड, आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमचे अर्धगोल. टायटॅनिक आहे सुमारे 3800 मीटर खोल. तिथे दाब हवेच्या जवळजवळ 380 पट. आणि तो बाहेरून आत.

खराट्यातला एक हीर काढा. दोन्ही टोकं धरून ओढा, सहजी तुटत नाही. आता तोच टेबलावर उभा धरून वरून बोटाने दाबा, लगेच बाकतो. हीर तोच, फक्त जोराची दिशा बदलली. पण अख्खा खराटा घट्ट बांधून उभा केला तर बराच भार पेलतो, कारण शेजारचे हीर एकमेकांना बाकू देत नाहीत. कार्बनचा धागा सात मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा. त्याला बाकू न देणं हे भोवतालच्या इपॉक्सी रेझिनचं, म्हणजे धागे चिकटवून धरणाऱ्या गोंदाचं, काम. थोडक्यात, ओढताना कसोटी धाग्याची लागते आणि दाबताना रेझिनची. आणि रेझिन हे शेवटी प्लास्टिकच.

आता मला आवडणारा भाग. रेझिनला पत्त्यांच्या कॅटसारखं सरकवायला गेलं की ते विरोध करतं. त्या ताठरपणावरून 1965 मध्ये रोझेन या संशोधकांनी धागे कधी बाकतील याचं सूत्र मांडलं. नेहमीच्या इपॉक्सीचे आकडे घातले तर उत्तर 3000 मेगापास्कलच्या (हे दाब आणि ताण मोजण्याचं एकक) वर जातं. प्रयोगशाळेत मात्र चांगला नमुनाही साधारण 1500 ला मोडतो. बाकीची निम्मी ताकद गेली कुठे? 1972 मध्ये आर्गन या संशोधकांनी उत्तर दिलं: धागे कधीच पूर्ण सरळ नसतात. रेझिन ज्या ताणाला कायमचं सरकू लागतं, त्याला धाग्याच्या तिरकेपणाने भागायचं. तो ताण धरा 65 मेगापास्कल, तिरकेपणा अडीच अंश, म्हणजे 0.044 रेडियन. भागून पाहा, 1500 च्या जवळ येतं. तिरकेपणा पाच अंश केला की ताकद निम्मी! कारण तिरका धागा दाबला की आणखी तिरका होतो, रेझिन आणखी सरकतं, धागा आणखी कलतो, आणि एका अरुंद पट्ट्यात सगळे धागे एकदम मुरडतात. हेच धागे ओढले, तर तिरकेपणा उलट कमी होत जातो. म्हणून तोच नमुना ओढताना 2500 पर्यंत टिकतो. (रेडियनपाशी अडखळला असाल तर 'सुरकुती म्हणजे घात' एवढं धरून पुढे चला.)

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने टायटनचे तुकडे तपासले. त्यांत सुरकुत्या, पोकळ्या, सच्छिद्रता असे दोष सापडले. नळकांडा पाच जाड थरांत, एकावर एक भाजून केलेला. गंमत म्हणजे शाळेतल्या पद्धतीने दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी असा हिशेब केला, तर त्याच्या भिंतीत ताण येतो जेमतेम अडीचशे मेगापास्कल. कागदावर भरपूर वाव! पण कागदावर सुरकुत्या नसतात, आणि धागे आडवे-उभे वाटलेले असल्याने एका दिशेला सगळी ताकद मिळतही नाही.

म्हणून 'कार्बन फायबर पाण्याखाली चालतच नाही' असंही कुणी म्हणू नये. अमेरिकी नौदलाने याच पद्धतीचं, पण विनामाणूस यान काही दशकांपूर्वी बनवलं होतं, 6000 मीटर खोलीसाठी. बोइंग 787 च्या वजनात निम्मा हिस्सा कंपोझिटचा, म्हणजे अशा धागे-रेझिनच्या जोडपदार्थाचा आहे. विमानात हवेचा दाब आतून बाहेर, त्यामुळे धडाच्या गोलाईतले धागे ओढले जातात, म्हणजे त्यांना मानवेल असं काम. पंखाची वरची बाजू मात्र दाबली जाते, आणि तिथे ताकद धरताना दाबण्याचा आकडाच घ्यावा लागतो. बाजारात 'ऊर्जा संतुलित करणारी' कार्बन फायबरची मनगटातली कडीही मिळतात. त्यांत ताण फक्त घेणाऱ्याच्या खिशावर येतो.

धातू हार मानू लागला तर बहुधा आधी त्याला पोचा येतो, तो वाकतो. कंपोझिटमध्ये थर आतल्या आत सुटतात आणि बाहेरून रंगही उडत नाही. 15 जुलै 2022 रोजी टायटन टायटॅनिकपाशी बुडी मारून वर आली, तेव्हा आतल्या लोकांनी मोठा 'धाड' असा आवाज ऐकला. नळकांड्यावर आवाज आणि ताण मोजणारे सेन्सर बसवलेलेच होते, आणि त्या बुडीनंतर त्यांचे आकडे बदललेलेही होते. पुढल्या वर्षी तीच पाणबुडी त्याच नळकांड्यासह पुन्हा खाली सोडली.