स्टेंटच्या दरमर्यादेची पार्श्वभूमी

13 फेब्रुवारी 2017 रोजी केंद्राच्या किंमत नियामकाने हृदयाच्या धमनीत बसवायच्या स्टेंटची, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची, कमाल किंमत ठरवून दिली: साध्या धातूचा 7,260 रुपये, औषधाचा लेप असलेला 29,600 रुपये, कर वेगळा. त्याआधी लेपवाल्या स्टेंटवरची छापील किंमत दीड-दोन लाखांपर्यंत जाई. कॅथलॅबच्या (जिथे स्टेंट बसवतात त्या खोलीच्या) दाराशी घाबरलेल्या नातेवाइकांना ‘इंडियन घालू की इम्पोर्टेड?’ असं विचारलं जाई, आणि त्या घटकेला कुणी घासाघीस करत नाही.

फुग्याने धमनी उघडण्याचं तंत्र, म्हणजे अँजिओप्लास्टी, 1977 मध्ये झुरिचला सुरू झालं, 1986 मध्ये फ्रान्समध्ये पहिला स्टेंट बसला. किमतीचा प्रश्न मात्र आपल्याकडे जनहित याचिकेमुळे दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा सरकार हललं. जुलै 2016 मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला, डिसेंबरात दरनियंत्रणाखाली. पुरवठ्याच्या साखळीत सर्वांत जास्त नफा रुग्णालयाच्या टप्प्यावर होता, हे नियामकाच्याच आकडेवारीतून दिसलं.

खरा वाद पेटला तो लेपवाले सगळे स्टेंट एकाच गटात टाकण्यावरून. परदेशी कंपन्यांचं म्हणणं, नव्या पिढीचा स्टेंट आणि दहा वर्षांपूर्वीचा स्टेंट एकाच भावात कसा? शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या स्टेंटला तरी वेगळा गट द्या. तज्ज्ञ समितीने तो दिला नाही, कारण तो सरस असल्याचा पुरेसा पुरावा नव्हता. हा निर्णय रुग्णांच्या बाजूचा होता आणि वैद्यकीयदृष्ट्याही टिकला. मार्च 2017 मध्येच अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे दोन वर्षांचे निष्कर्ष आले: विरघळणाऱ्या स्टेंटमध्ये हृदयविकाराचे झटके जास्त. सप्टेंबरात उत्पादकाने त्याची विक्री जगभर थांबवली. दरम्यान काही कंपन्यांनी महागडे स्टेंट भारतातून काढून घ्यायची परवानगी मागितली. सरकारने पुरवठा चालू ठेवायला लावला. फेब्रुवारी 2018 च्या फेरआढाव्यात गट एकच राहिला आणि लेपवाल्याची मर्यादा आणखी उतरून 27,890 झाली. पुढे अमेरिकेने व्यापार सवलतींच्या वादातही हा मुद्दा ओढला.

घाऊक महागाईच्या निर्देशांकानुसार वाढत एप्रिल 2025 मध्ये लेपवाल्या स्टेंटची मर्यादा सुमारे 38,933 रुपयांवर गेली. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवणं बंधनकारक आहे. नातेवाइकांनी ती ओळ जरूर तपासावी. 2017 च्या त्या आदेशात फुगा, कॅथेटर (धमनीत सरकवायची बारीक नळी), गाइडवायर (वाट दाखवणारी तार) यांना मर्यादा नव्हती, म्हणून स्टेंट स्वस्त होऊनही अँजिओप्लास्टीचं एकूण बिल त्या प्रमाणात उतरलं नाही.