तोंडावाटे दिलेली लस पोटात पचून जाते का?

तोंडावाटे दिलेली लस जठरातील आम्लात अन्नासारखी पचून जाते, त्यामुळे टोचल्याशिवाय लस लागू पडत नाही, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. नुसते प्रथिन गिळले तर ते बहुतांशी पचते, एवढ्यापुरता तो खरा आहे. पण पोलिओचे थेंब डोळ्यांसमोर असताना तो टिकून राहावा, याचे नवल वाटते.

गोचिडीमार्फत पसरणाऱ्या लाइम रोगाच्या जीवाणूवर ‘ओस्प-ए’ नावाचे प्रथिन असते. त्याचे जनुक लॅक्टोबॅसिलस प्लांटारम किंवा ई. कोलायचा निरुपद्रवी वाण यांसारख्या जीवाणूंत घातले, की जीवाणूची पेशीच त्या प्रथिनाचे कवच बनते आणि ते आतड्याच्या अस्तरातील प्रतिकारपेशींपर्यंत पोहोचते. मग लस खाल्लेल्या उंदराच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि गंमत अशी, की ती कामाला येतात गोचिडीच्या पोटात: शोषलेल्या रक्ताबरोबर आत शिरून ती तिथल्या जीवाणूंना तिथेच गाठतात.

न्यूयॉर्क राज्यात पांढऱ्या पायांच्या रानउंदरांना आमिषातून अशी लस देण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५ वर्षांत तेथील अर्धवट वाढीच्या गोचिडींमधील संसर्गाचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले. आमिषात लाइमचा जीवाणू नसतो, त्याचे एकच प्रथिन असते, म्हणून त्यातून तो रोग होण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र ही लस उंदरांसाठी आहे, माणसांसाठी नव्हे.