‘डेमॉनिक’च्या आधीची बारा वर्षं

लातूरला संध्याकाळी माझ्याकडे गिटार शिकायला जी पोरं येतात, त्यातली निम्मी-अधिक शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेली असतात. दिवसभर फिजिक्स-केमिस्ट्री आणि आठनंतर तासभर गिटार. थ्रॅश मेटल, म्हणजे वेगवान, दणदणीत रॉक, त्यांना आवडतं, कारण उजव्या हाताची खरी परीक्षा तिथं होते. टेस्टामेंट हा बँड त्यांना माहीत असतो तो १९८७ च्या ‘द लेगसी’मुळे आणि पुढच्या वर्षीच्या ‘द न्यू ऑर्डर’मुळे. मग एखाद्या दिवशी १९९७ चा ‘डेमॉनिक’ कानावर पडतो आणि ठरलेला प्रश्न येतो, “सर, गाणारा बदलला का?”

गाणारा बदललेला नाही. तोच चक बिली. पण दहा वर्षांपूर्वी जो सूर लावून, शब्द तोडून, मोठ्यानं गायचा, तो या अल्बमवर जवळजवळ सगळी गाणी घशाच्या तळातून गुरगुरत म्हणतो. परवा एकानं पुन्हा विचारलं, दहा मिनिटांत सांगून होईना, म्हणून हे लिहायला घेतलं.

याचं नेहमीचं उत्तर असं दिलं जातं की थ्रॅशचा बाजार उठला, मग बँडनं डेथ मेटलचा, म्हणजे त्याहून काळोख्या, गुरगुरत्या संगीताचा रस्ता धरला. बाजार उठला होता हे खरं. पण १९९७ साली डेथ मेटलचाही बाजार काही तेजीत नव्हता. पैशासाठी वळायचं असतं तर ते दुसरीकडे वळले असते, आणि बाकीचे वळलेच. माझं म्हणणं असं की डेथ मेटल टेस्टामेंटच्या शेजारच्याच गल्लीत जन्मलं होतं आणि पुढं ते बँडमध्ये आलं ते माणसांच्या पायांनी. कोण कुठून आलं हे नीट पाहिलं की कोडं सुटतं.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती जी गावं आहेत, त्यातल्या बर्कलीत १९८३ साली एरिक पीटरसन आणि त्याचा चुलत-मावसभावांपैकी एक, डेरिक रामिरेझ, यांनी ‘लेगसी’ नावाचा बँड काढला. रामिरेझ लवकरच बाहेर पडला आणि त्याच्या जागी आला अ‍ॅलेक्स स्कोलनिक, तेव्हा शाळकरी वयाचा, जो सॅट्रियानी या नामांकित गिटारवादकाकडे गिटार शिकलेला. गायक स्टीव्ह सूझा १९८६ मध्ये ‘एक्झोडस’मध्ये गेला, चक बिली आला तो त्याच्या जागी. नाव आधीच दुसऱ्या कुणाकडे असल्यानं बँडचं ‘टेस्टामेंट’ झालं. रामिरेझचं नाव लक्षात ठेवा, चौदा वर्षांनी तो परत येतो.

त्याच खाडीच्या काठी, त्याच काळात, ‘पझेस्ड’ नावाची पोरं वाजवत होती. ती खरोखरच पोरं होती. १९८५ मध्ये आलेला त्यांचा ‘सेव्हन चर्चेस’ त्यांनी शाळेच्या ईस्टरच्या सुट्टीत रेकॉर्ड केला. त्यावरच्या शेवटच्या गाण्याचं नावच ‘डेथ मेटल’. जेफ बेसेरा त्यावर जसा गातो, तसं तोवर थ्रॅशमध्ये कुणी गायलं नव्हतं. पुढच्या वर्षी फ्लोरिडाचा चक शुल्डिनर काही काळ याच भागात येऊन राहिला, इथंच त्याला क्रिस रायफर्ट हा ड्रमर भेटला आणि १९८७ मध्ये त्याच्या ‘डेथ’ या बँडचा पहिला अल्बम आला. म्हणजे ‘द लेगसी’ आणि ‘डेथ’चा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ एकाच वर्षीचे. डेथ मेटल हा फ्लोरिडाचा माल असं सरसकट म्हणतात. टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओनं त्याला आवाज दिला हे खरं, पण बी खाडीकाठच्या मातीतही होतं.

आता थोडं कानाचं. पोरं विचारतात, दोन्हींत फरक काय? थ्रॅशमध्ये रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, धावतो. उजवा हात खालच्या तारेवर, तळहातानं दाबून, एकसारखा चालतो. ड्रमर त्याच्या मागोमाग पळतो. गायक ओरडतो, पण शब्द कळतात, कारण त्याला काहीतरी सांगायचं असतं, बहुतेक वेळा युद्धावर, राजकारणावर, अन्यायावर. डेथ मेटलमध्ये तारा सैल सोडून आवाज खाली नेतात. सूर अंधारतो. ड्रमरचे दोन्ही पाय दोन पेडलांवर अखंड चालतात. आणि गळा शब्द सांगायचं काम सोडून एक वाद्य होतो.

या गळ्याबद्दल मला जे कळलं ते पुस्तकातून कळलं नाही. २००४ च्या सुमाराची गोष्ट. मी नांदेडला शिकत होतो. उदगीरच्या एका मित्रानं एमपी-थ्रीची सीडी भरून दिली होती, वर काळ्या मार्करनं बँडची नावं. उन्हाळ्यात ती घेऊन औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. लोडशेडिंगमुळं वीज यायची ती रात्री उशिरा. आल्या आल्या मी ‘डेमॉनिक’ लावला. शेजारचे आजोबा गोंधळी, गळ्यात कवड्यांची माळ, आयुष्यभर तुळजाभवानीचा गोंधळ घातलेला माणूस. ओट्यावर येऊन बसले. आई आतून म्हणाली, “बंद कर, त्या बाबाचा घसा बसलाय.” आजोबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “घसा बसलेला न्हाई पोरी. बसलेल्या घशातून येवढं निघत न्हाई. ह्यो वरनं काढतोय.” आणि स्वतःच्या कंठाच्या जरा वर बोट ठेवून दाखवलं.

पुढं वाचल्यावर कळलं की आजोबांचं बोट बरोबर जागी होतं. खऱ्या स्वरतंतूंच्या थोडं वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. ग्राउलचा, म्हणजे या गुरगुरण्याचा, घोगरा कंप मुख्यतः तिथं उठतो आणि खालून पोटाचा दाब लागतो. ज्याला ते जमतं तो तासभर गातो. ज्याला जमत नाही त्याचा घसा दोन गाण्यांत खरोखरच बसतो. रात्रभर संबळाच्या वर आवाज काढून पहाटे आरती म्हणणाऱ्या माणसाला हे आतून माहीत होतं. ड्रम सुरू झाल्यावर त्यांच्या दोन्ही हातांची बोटं शहाबादी फरशीवर चालायला लागली, एका हातानं जाड, एका हातानं बारीक, संबळाच्या दोन तोंडांसारखी. त्या रात्रीनंतर मी हा अल्बम कधी हलक्यात घेतला नाही.

तर परत कॅलिफोर्नियात. १९९० मध्ये ‘सोल्स ऑफ ब्लॅक’ घाईघाईत उरकला, कारण स्लेयर आणि मेगाडेथ या थ्रॅश बँडांबरोबर युरोपचा दौरा समोर होता. दुसऱ्या वर्षी हाच दौरा अमेरिकेत निघाला तेव्हा टेस्टामेंट त्यात नव्हतं. सुरुवातीला वाजवायला होता सिअ‍ॅटलचा ‘अ‍ॅलिस इन चेन्स’. त्याच वर्षी मेटॅलिकाचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला, आणि ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ आला. मोठ्या कंपन्यांना आता थ्रॅश नको होतं, निदान वेगातलं तरी नको होतं. टेस्टामेंटचा १९९२ चा ‘द रिच्युअल’ याच हवेत तयार झाला: संथ, सुरेल, रेडिओवर चालेल असा. वाईट नाही तो. ‘रिटर्न टू सेरेनिटी’ मी आजही पोरांना शिकवतो. पण त्यात बँड दम धरून बसल्यासारखा वाटतो. दौरा संपल्यावर स्कोलनिक आणि ड्रमर लुई क्लेमेंटे दोघंही बाहेर पडले. स्कोलनिक पुढं जॅझकडे गेला.

लीड गिटारवाला गेला की बँडचा सूर जातो, थ्रॅशमध्ये तर नक्कीच. त्या खुर्चीवर १९९४ मध्ये कोण आला ते पाहा. जेम्स मर्फी. हा १९९० मध्ये ‘डेथ’च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’वर वाजवलेला आणि त्याच वर्षी ‘ऑबिच्युअरी’च्या ‘कॉज ऑफ डेथ’वरही. फ्लोरिडाचे दोन सर्वांत महत्त्वाचे बँड ज्याच्या बोटांतून गेले, तो माणूस आता बर्कलीच्या बँडमध्ये. त्याच्यासोबतचा पहिला अल्बम ‘लो’. वरवर तो जड, थोडा झोकदार थ्रॅशच आहे. ‘ट्रेल ऑफ टिअर्स’ तर चक बिलीनं आपल्या रक्तातून गायलंय. त्याचे वडील कॅलिफोर्नियाच्या मूळनिवासी पोमो जमातीचे, आणि गाण्याचं नाव अमेरिकेतल्या मूळनिवासींना त्यांच्या जमिनीवरून हाकलून नेलं त्या वाटेचं. पण सातव्या नंबरला ‘डॉग फेस्ड गॉड्स’ लावा. वेग एकदम चढतो आणि बिली पहिल्यांदा मनमोकळा गुरगुरतो. ‘डेमॉनिक’ इथं सुरू होतो, तीन वर्षं आधी. ज्यांना तो अल्बम अचानक आला असं वाटलं, त्यांनी हे गाणं नुसतं ऐकून सोडून दिलं होतं.

‘लो’नंतर अटलांटिक या मोठ्या कंपनीशी असलेला करार संपला. बँडनं स्वतःचं ‘बर्न्ट ऑफरिंग्ज’ हे लेबल काढून १९९५ मध्ये ‘लाइव्ह अ‍ॅट द फिलमोर’ आणला. मग माणसं गळत गेली. मर्फी गेला, सुरुवातीपासूनचा बेसवाला ग्रेग ख्रिश्चन गेला. उरले दोघं, बिली आणि पीटरसन. टेस्टामेंट हे नावच सोडून ‘डॉग फेस्ड गॉड्स’ या नावानं नव्यानं सुरुवात करायचा विचारही झाला. त्या एका गाण्यानं त्यांच्या मनात किती घर केलं होतं ते यावरून कळतं. शेवटी जुनं नाव राहिलं, आवाज नवा आला.

जून १९९७ चा ‘डेमॉनिक’ ज्या माणसांनी वाजवला ती यादी म्हणजे अर्धी पार्श्वभूमी आहे. बेसवर डेरिक रामिरेझ, तोच १९८३ चा. काही सोलो ग्लेन अल्वेलाइसचे, बाकी गिटारचा सगळा भार पीटरसनच्या एकट्याच्या खांद्यावर. स्कोलनिकसारखा नक्षीकाम करणारा कुणी नसल्यानं रिफच सगळं बोलतात. आणि ड्रमवर जीन हॉग्लन. हा आधी लॉस एंजेलिसच्या ‘डार्क एंजल’चा, थ्रॅशमधला सर्वांत दणकट ड्रमर. मग ‘डेथ’च्या १९९३ आणि १९९५ च्या अल्बमांवर तोच. त्याला लोक अणुघड्याळ म्हणतात. मर्फीनंतर शुल्डिनरच्या घरातून आलेला हा दुसरा माणूस.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. डेथ मेटल म्हणजे झंझावाती वेग अशी समजूत घेऊन ‘डेमॉनिक’ ऐकू नका. ‘डेमॉनिक रिफ्यूजल’ हे पहिलंच गाणं पायात लोखंड बांधून चालल्यासारखं चालतं. बहुतेक गाणी मध्यम लयीत आहेत आणि ताकद त्या वजनात आहे. पोरांना मी या गाण्यावर हात धीम्यानं चालवायला लावतो. वेगात चुका झाकल्या जातात, या लयीत प्रत्येक फटका उघडा पडतो. अल्बम निर्दोष नाही. चाळीसेक मिनिटांत चाली सारख्या वाटायला लागतात, आणि बिलीसारखा सुरेल गळा असलेला माणूस इतका वेळ सूर बाजूला ठेवतो याची हळहळ मलाही वाटते. पण त्याच महिन्यात मेगाडेथचा ‘क्रिप्टिक रायटिंग्ज’ आला, रेडिओला समोर ठेवून बेतलेला. वर्षभर आधी मेटॅलिका ‘लोड’पर्यंत पोहोचली होती. दोन वर्षांनी जर्मनीचा ‘क्रिएटर’सुद्धा ‘एन्डोरामा’वर मवाळ झाला. एक्झोडस तर १९९३ मध्येच बंद पडला होता आणि १९९७ मध्ये जमला तो थोड्याच काळासाठी. अशा वेळी पाठीशी कंपनी नसताना, जुने श्रोते तुटतील हे दिसत असताना, या दोघांनी आवाज आणखी खोल नेला. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो मुख्यतः या वर्षामुळे.

त्याचं फळ १९९९ मध्ये आलं. ‘द गॅदरिंग’. मर्फी परतला, ड्रमवर स्लेयरचा डेव्ह लोम्बार्डो, आणि बेसवर स्टीव्ह डिजॉर्जिओ, जो पुन्हा ‘डेथ’च्या १९९१ आणि १९९३ च्या अल्बमांवर वाजवलेला. मर्फी, हॉग्लन, डिजॉर्जिओ: पाच वर्षांत एकाच घरातून तिघं. या अल्बमवर बिली एकाच गाण्यात गातोही आणि गुरगुरतोही, आणि दोन्हींचा सांधा कुठं दिसत नाही. ‘डी.एन.आर.’ ऐका. ‘डेमॉनिक’वर गळ्याची जी तालीम झाली तिच्याशिवाय हे शक्य नव्हतं.

२००१ हे वर्ष वाईट गेलं. चक बिलीच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. मर्फीच्या मेंदूत गाठ निघाली. तिकडं शुल्डिनर आधीपासूनच मेंदूच्या गाठीशी झुंजत होता. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खाडीकाठचे जुने बँड एकत्र आले, बंद पडलेला एक्झोडस पुन्हा उभा राहिला, ‘लेगसी’ जुन्या नावानं वाजवायला आली, आणि जमलेला पैसा बिली आणि शुल्डिनर या दोन्ही चकांच्या उपचारांसाठी गेला. बिली बरा झाला. शुल्डिनर डिसेंबरमध्ये गेला, वय अवघं ३४.

२००५ मध्ये स्कोलनिक परतला तेव्हा अनेकांना वाटलं की आता १९८७ चा आवाज परत येणार. सोलो परत आले, पण ग्राउल गेला नाही. २०१२ च्या ‘डार्क रूट्स ऑफ अर्थ’वर हॉग्लन पुन्हा ड्रमवर बसला आणि ‘ट्रू अमेरिकन हेट’मध्ये तर उघड उघड डेथ मेटलचे ठोके आहेत, वर स्कोलनिकची गिटार.

पोरांना मी ऐकायचा क्रम लिहून देतो: आधी ‘सेव्हन चर्चेस’, मग ‘द लेगसी’, मग ‘स्पिरिच्युअल हीलिंग’, मग ‘लो’मधलं सातवं गाणं दोनदा. ‘डेमॉनिक’ त्यानंतर, रात्री, मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगल्या हेडफोनवर. आणि पहिल्या वेळी शब्दांच्या मागं लागू नका, हॉग्लनचे पाय ऐका.