न मागता वाजणारी घंटा: ईमेलच्या सूचनांमागचा इतिहास

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पीकविम्याचे अर्ज भरताना आमच्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. नेमक्या त्याच वेळी संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात नव्या मेलची चौकट उघडते, टेबलावरचा मोबाईल थरथरतो आणि पिशवीतला टॅबही टुंग करतो. मेल एकच असतो, वाजतो तीनदा. समोर बसलेल्या काकांनी सांगितलेला गट नंबर तोवर डोक्यातून गेलेला असतो आणि तो पुन्हा विचारावा लागतो.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, आमच्या गावात मी हे केंद्र चालवते. माझ्या मेलपेटीत माझे स्वतःचे मेल थोडेच. अर्जावरचा ईमेलचा रकाना रिकामा सोडता येत नाही आणि गावात पुष्कळांना ईमेल नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्या रकान्यात माझाच पत्ता पडत गेला. पोरींच्या शिष्यवृत्त्या, ठिबकचं अनुदान, दाखले, या सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे येतात. म्हणूनच ‘नोटिफिकेशन बंद करून टाक’ हा सल्ला मला पुरत नाही. ही घंटा मुळात कोणी, कशासाठी बांधली हे मी वाचत गेले. सुरुवातीला ती फक्त मागणाऱ्यालाच ऐकू येत होती, हे त्यातून कळलं, आणि पुढचं सगळं तिथूनच उलगडतं.

१९७१ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये रे टॉमलिन्सन या अभियंत्यानं एका संगणकावरून शेजारच्याच दुसऱ्या संगणकावर नेटवर्कमधून पहिला मेल पाठवला. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव वेगळं ठेवायला त्यानं निवडलेलं ‘ॲट’चं चिन्ह आज आपल्या सगळ्यांच्या पत्त्यात आहे. त्या मेलला घंटा नव्हती. आपण संगणकावर बसायचं, पेटी उघडायची, असेल तर वाचायचं. डाकघरात जाऊन ‘आपलं काही आहे का हो?’ विचारावं, तसं.

घंटा आली १९८० च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. तिथल्या युनिक्स प्रणालीत ‘बिफ’ नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. हे नाव विभागात वावरणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या कुत्र्याचं. काम चालू असताना मेल आला की हा प्रोग्राम पडद्यावर पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराच्या पहिल्या काही ओळी दाखवायचा. पण त्यासाठी ‘बिफ वाय’ अशी आज्ञा आपण स्वतः द्यायची, नको असेल तर ‘बिफ एन’. एक अक्षर टंकलं की कुत्रा भुंकायचा, दुसरं टंकलं की गप्प बसायचा. इतकं साधं, इतकं आपल्या हातातलं नियंत्रण पुढच्या चाळीस वर्षांत मला दुसरं सापडलं नाही.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? कोतवाल डफडं वाजवत दवंडी द्यायचा. ती सगळ्या गावासाठी असायची, पण रोज नसायची. पोस्टमनची वेळ ठरलेली. अवेळी यायची ती फक्त तार. दारात तारवाला दिसला की कागद उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, कारण तार बहुधा कोणीतरी गेल्याचीच असायची. तारेला शब्दांप्रमाणे पैसे पडत आणि तातडीच्या तारेला आणखी जास्त. दुसऱ्याच्या दारात अवेळी जाऊन त्याला हाक मारायची, तर त्याचा खर्च हाक मारणाऱ्यानं सोसायचा, असा तो हिशेब होता. १५ जुलै २०१३ पासून भारतातली तारसेवा बंद झाली. पण त्याच्या कितीतरी आधी ईमेलनं तो हिशेब उलटा करून टाकला होता. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्यानं सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरातीचा मेल पाठवला. पाठवणाऱ्याला जवळजवळ काहीच पडलं नाही, वेळ गेला तो घेणाऱ्यांचा. आज माझ्या पेटीत साड्यांच्या सवलतीचा मेल आणि शिष्यवृत्तीचा अर्ज परत आल्याचा मेल एकाच आवाजात येतात, त्याचं मूळ इथे आहे.

आता यंत्र आतून कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण तीन ठिकाणी घंटा का वाजते ते त्यातून समजतं. १९८० च्या दशकात मेल आणायच्या दोन पद्धती रूढ झाल्या. ‘पॉप’ म्हणजे सर्व्हरवरचा, म्हणजे मेल साठवून ठेवणाऱ्या दूरच्या संगणकावरचा, मेल उचलून आपल्या संगणकात आणायचा. ‘आयमॅप’ ही मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ साली रचलेली पद्धत. तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि आपण कुठूनही तोच पाहतो. दोन्हींत एक अडचण समान होती. नवीन मेल आला का, हे संगणकाला ठरावीक मिनिटांनी विचारत राहावं लागे. आमच्याकडे ओलिताच्या दिवसांत लाईन आली का ते पाहायला रात्रीबेरात्री विहिरीवर चकरा मारायचे, अगदी तसं. मग मोटारीला ऑटो बसला, लाईन आली की मोटार आपली आपण सुरू. ईमेलचा ऑटो १९९७ साली आला, आयमॅपमध्ये ‘आयडल’ नावाची सोय झाली तेव्हा. त्यात जोडणी उघडीच राहते आणि मेल आला की सर्व्हर आपणहून सांगतो. प्रत्येक यंत्राची जोडणी वेगळी, म्हणून संगणक, फोन आणि टॅब, तिघांनाही तो वेगवेगळं सांगतो. कोणत्या यंत्रासमोर माणूस बसलाय, हे त्याला ठाऊक नसतं.

त्याच सुमारास मेल संगणकाबाहेर पडला. १९९९ साली कॅनडातल्या रिसर्च इन मोशन कंपनीनं पहिलं ब्लॅकबेरी यंत्र काढलं आणि मेल खिशात जाऊन पोचला. पुढच्या ब्लॅकबेरी फोनांवर मेल आला की लाल दिवा लुकलुकायचा. २००६ साली ‘वेब्स्टर्स न्यू वर्ल्ड’ या शब्दकोशानं वर्षाचा शब्द म्हणून ‘क्रॅकबेरी’ निवडला. ‘क्रॅक’ हे एका अमली पदार्थाचं नाव. ब्लॅकबेरीचं व्यसन लागावं तसं होतं, हे त्या शब्दातच आहे.

या सगळ्यापासून आम्ही फार लांब होतो. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, मोठ्या शहरांत. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल काढलं. मी पहिला ईमेल उघडला तो आर्वीच्या एका सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजून. पेटी आठवड्यातून एकदा पाहायची. भारनियमनानं कधी तेही व्हायचं नाही. तेव्हा त्याचा राग यायचा. आज कळतं की मेल आपल्या वेळेनं वाचायची सवय त्या दिवसांत आपोआप लागली होती.

मोठं वळण आलं २००९ साली. ॲपलनं आयफोनसाठी ‘पुश’, म्हणजे सूचना आपणहून फोनवर ढकलायची सेवा सुरू केली, पुढच्या वर्षी गुगलनं अँड्रॉइडला तशीच सोय दिली. कारण बॅटरीचं होतं. प्रत्येक ॲपनं आपापली जोडणी उघडी ठेवली, तर फोन दुपारपर्यंत मरेल. म्हणून फोन आणि कंपनी यांच्यात एकच सामाईक वाट ठेवली गेली आणि सगळ्या ॲप्सच्या सूचना तिच्यातूनच येऊ लागल्या. तांत्रिकदृष्ट्या हा उपाय चांगलाच होता. पण एका मेलसाठी बांधलेली घंटा त्यामुळे गावातल्या प्रत्येक दुकानदाराच्या हाती गेली.

तरीही आमच्या गावात काही वर्षं शांतता टिकली, त्याचं कारण अगदी वेगळं होतं. नेटपॅक महाग. काम झालं की प्रत्येकजण मोबाईलचं नेट बंद करून ठेवायचा. ‘एमबी जाते ना बाप्पा!’ डेटाचं ते एक बटण म्हणजेच सगळ्या सूचनांचा मुख्य स्विच होता. संध्याकाळी नेट चालू केलं की दिवसभराचं सगळं एकदम धबाधबा यायचं, पाच मिनिटांत पाहून व्हायचं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ते बटण पुन्हा कोणी बंद केलं नाही. या बदलाकडे फारसं कोणी लक्ष दिलेलं मला दिसत नाही. माझ्या कामाच्या पद्धतीवर मात्र याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

संगणकावरची गोष्ट थोडी निराळी. मायक्रोसॉफ्टच्या ‘आउटलुक २००३’ या मेलच्या प्रोग्राममध्ये कोपऱ्यात हळूच उमटून विरणारी चौकट आली, ती न मागताच चालू असलेली. जीमेलनं क्रोम ब्राउझरमध्ये तशी सोय २०११ साली दिली. २०१५ पासून संकेतस्थळंही क्रोममधून सूचना पाठवू लागली. केंद्रातल्या संगणकावर निकाल पाहायला बसलेलं पोरगं घाईत ‘अलाव’ (परवानगी आहे) दाबतं आणि मग महिनाभर कोपऱ्यात लॉटरीच्या चौकटी उगवत राहतात. त्या मेलच्याच वाटतात, म्हणून लोक मेल बंद करायला जातात. खरा उपाय ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, त्या त्या संकेतस्थळाची परवानगी काढून घेण्यात आहे.

कामात असा मध्येमध्ये खंड पडण्याचा माणसावर काय परिणाम होतो, यावर चांगला अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं की मध्येमध्ये अडवलेली माणसं काम उलट लवकर उरकतात, पण त्यांचा ताण आणि चिडचीड वाढते. हे वाचून मला जुलैतली संध्याकाळ आठवली. सगळे अर्ज भरून झालेले, आणि घरी गेल्यावर लेकरावर उगाच ओरडलेली मी. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगात असं दिसलं की फोन हातात न घेता नुसती घंटा ऐकली, तरी एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात. त्याच वर्षी कोस्तादिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी कॅनडात १२४ प्रौढांना एक आठवडा दिवसातून फक्त तीनदा मेल पाहायला सांगितलं, तर त्या आठवड्यात त्यांचा ताण कमी भरला. माझ्या उपयोगाचं मात्र २०१९ चं संशोधन ठरलं. त्यात दिवसातून तीन ठरावीक वेळी सूचना एकत्र मिळणाऱ्यांना बरं वाटलं, पण ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या त्यांची घालमेल वाढली.

ही घालमेल मी भोगलेली आहे. एका वर्षी वैतागून मी मेलच्या सगळ्या सूचना बंद केल्या. बारावी झालेल्या एका पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी काढून परत आला होता, त्याचा मेल जाहिरातींच्या ढिगात राहिला. तिचे वडील दोनदा येऊन विचारून गेले, ‘ताई, पोरीच्या फार्माचं काही आलं का?’ दोन्ही वेळा मी पेटी न पाहता ‘नाही’ म्हटलं. मुदत गेली. कास्तकाराच्या घरात तेवढ्या पैशांचं मोल काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून ते अजून सलतं.

सुदैवानं २०१२ पासून पुढे घंटा परत आपल्या हाती देणारे बदलही झाले. जीमेलनं २०१३ साली जाहिराती वेगळ्या कप्प्यात टाकायला सुरुवात केली. आयफोनला २०१२ साली ‘व्यत्यय नको’ची सोय मिळाली आणि ठरावीक व्यक्तींच्याच मेलची घंटा वाजवता येऊ लागली. अँड्रॉइड ८ नं २०१७ मध्ये एकाच ॲपच्या सूचनांचे वेगवेगळे प्रवाह केले, म्हणजे एक वाजेल, दुसरा मुकाट येईल. आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्यानं टाकलेल्या ॲपला सूचना पाठवण्याआधी आपली परवानगी मागावी लागते. ‘बिफ वाय’ची आज्ञा बेचाळीस वर्षांनी परत आली, असं मी म्हणेन. कायद्याच्या अंगानंही थोडी हालचाल झाली. कामाच्या वेळेनंतर मेलपासून तुटून राहण्याचा हक्क फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून दिला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं.

माझी आजची मांडणी याच इतिहासातून निघाली. संगणकावरची चौकट पूर्ण बंद, कारण तिथे मी दुसऱ्याचे आकडे टंकत असते. टॅबवरचीही बंद. वाजतो तो फक्त फोन, तोही एकाच गोष्टीसाठी. ‘त्रुटी’, ‘परत’, ‘अंतिम मुदत’ हे शब्द असलेले मेल जीमेलचा फिल्टर एका वेगळ्या लेबलखाली टाकतो आणि फोनच्या जीमेलमध्ये त्या लेबलापुरतीच घंटा चालू आहे. त्यासाठी त्या लेबलाचं सिंक, म्हणजे त्यातले मेल फोनवर आपोआप आणणं, आधी चालू करावं लागतं, इथेच बहुतेकजण अडकतात. फोनची बॅटरी-बचतही जीमेलपुरती काढून टाकावी लागते, नाहीतर घंटा तासाभरानं वाजते. बाकी पेटी मी सकाळी केंद्र उघडताना, दुपारी आणि कुलूप लावायच्या आधी बघते. ओटीपी मात्र त्या माणसाच्या समोरच, पेटी उघडून.

आणि नवीन अर्जावर आता माझा पत्ता टाकत नाही. घरात कोणाकडेही साधा स्मार्टफोन असला की त्यांचाच ईमेल काढून देते आणि ते लेबल त्यांच्याच फोनवर लावून देते. परवा शेजारच्या काकूंच्या नातीच्या फोनवर ते करून दिलं. काकूंनी विचारलं, ‘म्हणजे आता हे माह्या घरी वाजन का वं?’ हो म्हटलं. शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे गेल्याचा मेल चार दिवसांनी आला, आणि तो मला नातीनंच येऊन सांगितला.