ढगांआडचा डोंगर मोजायचा कसा?

जुलैत पुण्याच्या पश्चिमेकडची उपग्रहाची साधी छायाचित्रं उघडली, की मुळशी, पानशेत, भीमाशंकर सगळीकडे नुसते पांढरे ढग. धरणं भरतात, दरडी कोसळतात त्या याच दिवसांत, आणि उन्हाच्या भरवशावरचा कॅमेरा नेमका तेव्हाच निकामी.

रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि जमिनीवरून परतलेल्या टिपतो. त्यामुळे रात्र असो की ढग, त्याचं अडत नाही. युरोपचा सेंटिनेल-१ सुमारे ६९३ किमी उंचीवरून हेच करतो. त्याच्या चित्रात खडकवासल्याचं संथ पाणी काळंकुट्ट दिसतं: रडार तिरपं बघतं आणि गुळगुळीत पाण्यावरून लहर पुढच्या पुढे निसटते. सिंहगड रस्त्यावरच्या इमारती मात्र लखलखतात, कारण रस्ता आणि भिंत यांच्या काटकोनात आपटून लहर माघारी येते. म्हणूनच शेतातला पूर चटकन ओळखू येतो, सोसायट्यांमध्ये शिरलेलं पाणी मात्र चकवतं.

खरी करामत पुढेच आहे. परतलेली लहर किती जोरकस, एवढंच नव्हे, तर ती कंपनाच्या कोणत्या टप्प्यावर परतली हेही नोंदलं जातं. सेंटिनेलची तरंगलांबी साधारण ५.६ सेंमी. दोन फेऱ्यांच्या दरम्यान जमीन उपग्रहाकडे २.८ सेंमी सरकली, तर जाऊन-येऊन अंतर पूर्ण एका लहरीने घटतं. त्याहून कितीतरी कमी हालचालही यातून कळते.

पण सह्याद्रीत घोडं अडतं ते झाडोऱ्यापाशी. पानं हलतात, गवत वाढतं, आणि दोन नोंदींचा मेळच बसत नाही. इस्रो आणि नासाचा निसार इथे उपयोगी पडावा. त्याची एक लहर सुमारे २४ सेंमी लांब आहे. ती पानांना फारशी न जुमानता खोडांपर्यंत, जमिनीपर्यंत पोचते. निसार ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, ती तारीखही ३० जुलैच, साल २०१४.

असा उपग्रह तेव्हा असता तर माळीण वाचलं असतं का? मला नाही वाटत. निसार त्याच कक्षेतून त्याच जागी १२ दिवसांनी येतो. पावसाने भिजलेला उतार काही तासांत सुटू शकतो. वर्षानुवर्षं इंच-इंच सरकणारे उतार मात्र तो हेरू शकेल, आणि पर्जन्यमापक आधी कुठल्या डोंगरावर बसवायचे, हे त्यावरून ठरवता येईल.