दस्त्यावरचे पट्टे जाळून काढलेले नाहीत

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर वळणाची जुनी लांब रायफल कुणी घडवायला घेतली की एक गोष्ट हमखास कानावर येते: कारागीर दस्त्याला डांबरात बुडवलेली दोरी गुंडाळून पेटवत, म्हणून ते वाघासारखे पट्टे. ऐकायला झकास, पण पट्टे मेपलच्या लाकडातच असतात. तंतू लाटांसारखे वळलेले, त्यामुळे कितीही रंधा मारा, खालून पट्टा येतोच. कारागीर तो फक्त उठवत. लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल फासायचं, वाळलं की निखाऱ्यांवर शेकायचं. फिकट लाकूड बघता बघता तांबूस तपकिरी होतं. तंतूंची टोकं वर येतात तिथे आम्ल जास्त मुरतं, तिथलाच पट्टा गडद. मग जवसाचं तेल. साध्या लाकडावर खोटे पट्टे रंगवणारेही होते म्हणा!