गोव्याच्या थंडीत गाडी का थरथरते?

वाळपईच्या पलीकडे आमचे गाव. शेजारचे तात्या दर शुक्रवारी केळी घेऊन म्हापशाच्या बाजाराला जातात, त्यामुळे आठवड्यातून एकदा आमचा गजर म्हणजे त्यांची पिकअप. गेल्या जानेवारीत हा गजर लांबत चालला. सेल्फ घरघरायचा, इंजिन एकदा पेटायचे, विझायचे, पुन्हा सेल्फ. शेवटी चालू झाली की गाडी अशी हलायची की हौद्यातले घड एकमेकांवर घासायचे. अंगणभर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर. अर्ध्या मिनिटात सगळे शांत. "थंडी पडलीय ना!" म्हणत तात्यांनी नवी बॅटरी टाकली. सेल्फ जोरात फिरू लागला. थरथर होती तिथेच.

आता पणजीत जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण 20 अंश असते, मे महिन्यात 26च्या आसपास. लडाखमध्ये डिझेल गोठते ते समजू शकते. आपल्याकडे सहा अंशांनी असे काय बिघडते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. तात्यांच्या गाडीसारख्या जुन्या इंजिनात हवा सुमारे 20 पट दाबली जाते. कागदावरच्या गणिताने ती 700 अंशांपर्यंत जायला हवी. प्रत्यक्षात पुष्कळ खाली राहते, कारण भोवतीचे गार लोखंड उष्णता पिऊन टाकते, आणि सेल्फ इंजिनाला मिनिटाला जेमतेम दोनशे-अडीचशे फेऱ्या देत असल्याने पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून हवा निसटायला वेळही मिळतो. शिवाय सुरुवातीचा फरक दाबताना वाढतो. आत येणारी हवा 6 अंशांनी गार असेल, तर त्याच गणिताने दाबल्यानंतर ती 20 अंशांनी गार भरते. काठावर चाललेल्या इंजिनाला एवढे पुरते.

ही तूट भरून काढायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचा दिवा लागतो, तेव्हा या प्लगचे टोक काही सेकंदांत लालबुंद होते. एखादा प्लग मेला तर तो सिलिंडर पेटेलच असे नाही. नाही पेटला की उरलेले तीन गाडी ओढतात, म्हणून थरथर. न जळलेले डिझेल वाफ होऊन बाहेर पडते, तोच पांढरा धूर. थोड्या वेळाने धातू तापतो आणि रुसलेला सिलिंडर कामाला लागतो.

सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय का, हे आधी बघावे. येत असेल तर डिझेल पोचतेय, पेटत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही, आणि मग हीटरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा गाडीने कुठेतरी एअर घेतलेली असते, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरलेली असते: तडकलेला रबरी पाइप, फिल्टरजवळचा जुना तांब्याचा वॉशर. रात्रीतून डिझेल मागे टाकीकडे उतरते. पहाटे सेल्फ मारण्याआधी डिझेल पुढे ढकलणारा इंजिनाजवळचा छोटा हातपंप कडक होईपर्यंत दाबून बघा. गाडी लगेच चालू झाली तर चोर तिथेच. फिल्टर आणि इंजिनाच्या डिझेल पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी बसवली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पावसाळ्यानंतर फिल्टरखालचा बोल्ट सैल करून साचलेले पाणीही सोडावे.

सेल्फच मंद असेल तर बॅटरीआधी तिच्या टर्मिनलकडे आणि अर्थिंगच्या पट्टीकडे बघा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खाऱ्या हवेने तिथे गंज चढतो आणि चांगली बॅटरी उगाच बदनाम होते. नव्या कॉमन रेल गाड्यांचा, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच जाड नळीतून (रेलमधून) प्रचंड दाबाने डिझेल देणाऱ्या गाड्यांचा, मामला वेगळा. रेलमध्ये पुरेसा दाब चढल्याशिवाय संगणक डिझेल सोडतच नाही, त्यामुळे तिथे त्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावावा. त्या पाइपांचे नट चालू इंजिनावर सैल करण्याचा प्रयोग करू नये. ती धार कातडी भेदून आत जाते.

(इंजिन हवा ओढते त्या तोंडाशी पेटते फडके धरणारे महाभागही मी पाहिलेत. शास्त्र बरोबर, हवा गरम मिळते. पण बाजूला डिझेलने माखलेले इंजिन असते, तेव्हा नको.)

तात्यांच्या गाडीला धूर भरपूर होता आणि हातपंपाने काही फरक पडला नाही. मिस्त्रीने चारही प्लगना जोडणारी पट्टी काढली, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावली आणि दुसरे टोक एकेका प्लगला टेकवले. पहिल्यावर दिवा लागला, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर लागला. मग त्याने आधी गाडी फिरवून आणायला लावली आणि गरम इंजिनावरच प्लग सोडवले. गार असताना जोर लावला आणि प्लग हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या जड झाकणात, तुटला, तर हेड उतरवण्याची पाळी येते.

दोन्ही प्लग तात्यांच्या तळहातावर होते. एकाचे टोक फुगून तडकलेले, आत काजळी खोल शिरलेली. तो बहुधा हिवाळ्यांमागून हिवाळे मेलेलाच होता. तीन प्लगांवर गाडी इथल्या हवेत चालून जात होती, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. दुसरा बाहेरून नव्यासारखा दिसत होता. तात्यांनी तो दोनदा उलटसुलट केला आणि विचारले, "हा खरंच गेलाय?" मिस्त्रीने न बोलता पुन्हा लॅम्पची वायर टेकवली. दिवा लागला नाही.